लाकूड फुकटचं, पण तास कुणाचे?

फर्स्ट इयरला कारपेंट्री शॉपमध्ये आपण सगळ्यांनी एक सांधा केला होता, आठवतोय का? कुणाच्या वाट्याला टी-लॅप आला, कुणाच्या क्रॉस-लॅप. दोन पट्ट्या घ्यायच्या, दोन्हींना निम्म्या जाडीची खाच पाडायची, एकमेकींत बसवायच्या, सरांना दाखवून जर्नलवर सही घ्यायची आणि वर्कशॉपच्या दारातून बाहेर पडताना सगळं विसरून जायचं! सबमिशन संपलं की त्या सांध्याचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. मी मात्र गेलं वर्षभर त्याच सांध्याचा हिशोब करत बसले आहे. प्रश्न अगदी साधा आहे. लाकडाच्या छोट्या, हाताने केलेल्या वस्तू विकून खरंच नफा होतो का? होत असेल तर तो नेमका कुठून येतो?

हा प्रश्न मला पडायचं कारण घरचंच आहे. माझे बाबा सुतार आहेत. मूळचे कुडाळकडचे, पण तीस वर्षं झाली, पुण्यात साईटवर फर्निचरची कामं करतात. पोरीच्या हातात रंधा येऊ नये म्हणून त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, आणि मी मेकॅनिकलला अ‍ॅडमिशन घेऊन परत वर्कशॉपमध्येच येऊन उभी राहिले! कॉन्व्हेंटची कृपा अशी की ‘एकोणसाठ’ म्हणजे नक्की किती हे मला आजही बोटांवर मोजावं लागतं. पण ‘सूत’ म्हणजे काय ते पाचवीपासून पाठ आहे. एका इंचाचे आठ सूत. ड्रॉइंग हॉलमध्ये मिलिमीटर, घरी सूत.

आता बाबांचे गुडघे दुखतात. त्यात मॉड्युलर फर्निचर कारखान्यातून तयार होऊन येतं, मिस्त्रीने फक्त स्क्रू पिळायचे. म्हणून गेल्या वर्षीपासून त्यांनी घरीच छोट्या वस्तू करायला घेतल्या. पोळपाट, चौरंग, रव्या, आणि माझ्या आग्रहाखातर मोबाईल ठेवायचा स्टँड. वस्तू विकल्या जातात. महिनाअखेरीस बाबा नोटा मोजतात आणि म्हणतात, “बरे सुटले.” पण ‘बरे’ म्हणजे किती? साईट सोडून फक्त यावर घर चालेल का? हे भावनेने ठरवायचं काम नाही, म्हणून आपण सरळ कॉस्टिंग करू.

लाकडाचं गणित

उदाहरणाला मोबाईल स्टँडच घेऊ. दोन सागवानी तुकडे, प्रत्येकी ७ इंच लांब, ४ इंच रुंद, पाऊण इंच जाड. दोघांना अर्ध्या रुंदीपर्यंत खाच, आणि ते एकमेकांत उभे अडकवायचे. म्हणजे आपल्या क्रॉस-लॅपचा चुलतभाऊच. खिळा नाही, फेविकॉल नाही.

वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं. १२ गुणिले १२ गुणिले १२, म्हणजे एका घनफुटात १,७२८ घनइंच. सागवानाचा भाव दर्जाप्रमाणे खूप बदलतो. आपण घनफुटाला ३,५०० रुपये धरू. म्हणजे एक घनइंच साधारण दोन रुपयांना पडला. तयार स्टँडमध्ये ४२ घनइंच लाकूड आहे, म्हणजे झाले ८५ रुपये. बरोबर?

चूक! कारण पाऊण इंचाची गुळगुळीत फळी वखारीत मिळत नाही. एक इंची खरखरीत फळी घ्यायची आणि दोन्ही बाजूंनी रंधा मारून तिचे सहा सूत करायचे. तिथेच पाव लाकूड गेलं. लांबी-रुंदीतही कापायला जागा सोडावी लागते. म्हणजे प्रत्येक तुकड्यासाठी ८ इंच गुणिले साडेचार इंच गुणिले १ इंच, दोन तुकड्यांचे ७२ घनइंच. किंमत १४६ रुपये. ७२ मधले ३० घनइंच, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त, ढलप्या आणि भुसा होऊन झाडूत जातात. वर गाठ निघाली, कड फुटली, तर ते आणखी वेगळं.

मशीनच्या करवतीचं गोल पातं साधारण ३ मिलिमीटरची चीर पाडतं, म्हणजे जवळपास एक सूत. एका फळीच्या आठ पट्ट्या काढायच्या तर सात वेळा चिरावं लागतं, म्हणजे सात सूत लाकूड नुसतं पात्याने खाल्लं. पाऊण इंचाहून जास्त! छोटी वस्तू तितकी कापाकापी जास्त, हे छोट्या कामाचं पहिलं दुखणं.

आता उरलेला किरकोळ खर्च. पॉलिश पेपर १५, तेल १२, खोका आणि कागद २५, वीज आणि पात्याची झीज १०. एकूण ६२. म्हणजे मालाचा खर्च झाला २०८ रुपये.

इथे बाबांनी मला थांबवलं. “अगं, लाकूड कुठे विकत आणतो मी? साईटवरचे उरलेले तुकडे आहेत. मालक म्हणतो घेऊन जा. लाकूड तर फुकटचं!”

वरवर पाहता खरं आहे. पण किंमत ठरवताना फुकटचं लाकूड शून्य धरायचं नाही, असं माझं मत आहे. कारण तुकडे साईटमधून येतात. साईट बंद झाली की तुकडेही बंद! आणि ज्या गिऱ्हाइकाला आपण दोनशे रुपयांची सवय लावली, ते वखारीतून लाकूड आणल्यावर साडेतीनशे द्यायला तयार होणार नाही. तुकडा वापरला तर ते १४६ रुपये वाचले म्हणून वहीत वेगळे मांडावेत, किमतीतून कमी करू नयेत.

तासांचं गणित

मी स्टॉपवॉच घेऊन बाबांच्या शेजारी बसले. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये टाईम स्टडी शिकवतात ना, तेच. एकच स्टँड सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायला लागलेला वेळ असा: आखणी १५ मिनिटं, कापणं आणि रंधा २०, खाच पाडणं २५, पॉलिश पेपर ४०, तेलाचे दोन हात १५, पॅकिंग १०. एकूण १२५ मिनिटं.

बघा, सगळ्यात जास्त वेळ कापण्यात गेला नाही, सांध्यातही नाही. गेला घासण्यात! आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. फोटोत जी गोष्ट दिसतही नाही, फक्त हात फिरवल्यावर कळते, तीच सर्वांत महाग.

बाबांना साईटवर दिवसाला १,००० रुपये मिळतात. आठ तासांचे हजार, म्हणजे तासाला १२५. या दराने १२५ मिनिटांची मजुरी होते २६० रुपये. २०८ आणि २६० मिळून ४६८. म्हणजे एकटादुकटा स्टँड करायला ४६८ रुपये पडतात. आम्ही तो विकत होतो ३५० ला. मालाचे २०८ वजा केले तर उरले १४२, आणि ते मिळवायला गेले दोन तासांहून जास्त. तासाला ६८ रुपये. साईटच्या जवळपास निम्मे!

पुढच्या वेळी एकदम वीस स्टँड करायला घेतले. आधी एक जिग बनवला. जिग म्हणजे एक साधा साचा. तुकडा त्यात ठेवला की खाच दर वेळी त्याच जागी, तितक्याच खोलीची पडते. आखणीची गरजच उरत नाही. जिग करायला तीन तास गेले, पण ते वीस नगांत वाटले की प्रत्येकी ९ मिनिटं. आणि मग आकडे असे आले: आखणी २, कापणं ८, खाच ८, घासणं २०, तेल ५, पॅकिंग ७. पन्नास मिनिटं अधिक जिगची ९, म्हणजे ५९ मिनिटं. बोटांवर मोजून सांगते, एकोणसाठ! मजुरी १२३ रुपये, एकूण खर्च ३३१.

तीच वस्तू, तेच हात, तेच लाकूड. वेळ निम्म्याहून कमी. दुसऱ्या खेपेला जिग तयारच असतो, मग ५० मिनिटांतच काम होतं. म्हणजे छोट्या वस्तूचा नफा घनफुटात नसून जिगमध्ये आणि वीसच्या ढिगात आहे.

मजुरी आणि नफा वेगळे

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ३५० ला विकलेल्या स्टँडवर नफा किती? बाबांच्या हिशोबाने १४२. माझ्या हिशोबाने १९! कारण ३३१ मध्ये बाबांची मजुरी आली, पण ती नफा नव्हे. उद्या बाबांच्या जागी दुसरा माणूस बसवला तर त्याला ती द्यावीच लागेल. स्वतःची मजुरी स्वतःला दिल्यावर जे उरतं त्याला नफा म्हणायचं. घरच्या धंद्यात हे दोन पैसे एकाच खिशात जातात, म्हणून ते एकच वाटतात. तिथेच घोळ होतो.

समजा किंमत ४०० केली. वीस नगांचा खर्च झाला ६,६२० रुपये. ४०० ने भागलं की येतात साडेसोळा. म्हणजे सतरावा स्टँड विकला जाईपर्यंत मजुरीही पूर्ण वसूल होत नाही. ब्रेक-इव्हन पॉइंट म्हणतात तो हाच. वीसमधले दोन खराब झाले आणि तीन पडून राहिले, तर पंधराचे ६,००० आले. पॅकिंगचा किरकोळ फरक सोडला तर मालाचे ४,१६० वजा जाऊन हातात १,८४०, आणि तास गेले जवळपास वीस. पुन्हा तासाला ९४ वर आलो. मग नफ्याची जागा कोणती? शेवटचे तीन-चार नग!

दुकानदाराचा वाटा

एका गिफ्ट शॉपवाल्यांनी सांगितलं, ठेवा तुमच्या वस्तू, विकल्या की तीस टक्के माझे. मी पटकन ३३१ वर तीस टक्के चढवून पाहिले. ४३० आले. पण थांबा. दुकानदार तीस टक्के घेतो ते विक्रीच्या किमतीवर, आपल्या खर्चावर नाही. ४३० चे तीस टक्के १२९. हातात आले ३०१, म्हणजे मजुरीतूनच तीस रुपये गेले. बरोबर रीत म्हणजे ३३१ ला ०.७ ने भागायचं, ४७३ येतात. आणि तेही नफा न धरता.

मग स्वतःच स्टॉल लावावा, कमिशन वाचेल! वाटतं तसं. पण प्रदर्शनात एक दिवस उभं राहायचं म्हणजे आठ तास, बाबांच्या दराने हजार रुपये. दिवसभरात दहा स्टँड खपले तर प्रत्येकावर शंभर रुपये चढले, स्टॉलचं भाडं वेगळंच. ४०० च्या वस्तूवर दुकानदार १२० घेत होता. म्हणजे तो काही लुटत नव्हता, उभं राहण्याचे पैसे घेत होता. विकणं हेही कामच आहे, आणि त्याचेही तास वहीत आले पाहिजेत.

पावसाळ्याचा खर्च

आणखी एक खर्च वहीत दिसत नाही, तो म्हणजे परत आलेला माल. लाकूड ओलाव्याने फुगतं, सुकलं की आकसतं. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरला की आकसणं सुरू होतं. आणि सगळ्या दिशांनी ते सारखं नसतं. लांबीत नगण्य, पण रुंदीत जाणवतं. वर्तुळांच्या रेषेत ते आरपार दिशेच्या जवळपास दुप्पट असतं. म्हणून अर्धवट सुकलेल्या लाकडाची फळी वाकते. मे महिन्यात पुण्यात घट्ट बसवलेली खाच जुलैमध्ये कुडाळला आजीकडे नेली की हलणारच नाही!

सागवान यात बऱ्यापैकी शहाणं लाकूड आहे, कमी हलतं. तरीही फळी चांगली सुकलेली, दहा-बारा टक्के ओलाव्याची हवी, आणि खाचेत अर्धा मिलिमीटर मोकळीक सोडावी. बाबा फळी टकटक वाजवून सांगतात सुकली की नाही ते. मी मॉइश्चर मीटर लावून बघितलं. दर वेळी बाबा बरोबर!

महाग लाकूड म्हणजे महाग वस्तू नव्हे

आपल्याकडे सुट्टीत सावंतवाडीला जाणारे बरेच असतील. तिथल्या चितार आळीतली लाकडी फळं-भाज्या पाहिल्या असतील. ही फळं परंपरेने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करत. पांगारा म्हणजे काही सागवान नव्हे. मग लोक पैसे कशाचे देतात? आकाराचे आणि रंगाचे. चितारी कारागिराच्या हाताचे. १९७० च्या दशकात ही कला मागे पडत असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात लाखकाम आणि गंजिफांचं काम पुन्हा सुरू केलं. तेव्हा वाचवायचं होतं ते लाकूड नव्हतं, हातातलं कसब होतं.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी मला इंजिनिअर म्हणून जास्त आवडतात. तिथे परंपरेने वापरतात ते काळ्या कुड्याचं लाकूड. खराद्यावर तुकडा फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि केवड्याच्या जातीच्या पानाने दाबून तिला चकाकी आणतात. म्हणजे घासणं, रंगवणं, वाळवणं ही वेगवेगळी कामं एकाच मशीनवर, एकाच बैठकीत उरकली! आमच्या स्टँडमध्ये जे घासणं-तेल पंचवीस मिनिटं खातं, त्यावर या लोकांनी काढलेला हा उपाय आहे. याला आपण पुस्तकात ‘प्रोसेस इंटिग्रेशन’ म्हणतो.

खेळणी करायचा विचार असेल तर एक नियम मात्र माहीत हवा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी केलेल्या-विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, जीआय मिळालेल्या उत्पादनांच्या अधिकृत उत्पादकांनाही आहे. आपल्यासारखा विद्यार्थी हौसेने लाकडी गाडी करून विकायला बसला तर त्याला ही सूट आपोआप मिळत नाही. म्हणून स्टँड, कोस्टर, पोळपाट बरे. आणि ज्यांच्या घरात हा व्यवसाय आहे त्यांच्यासाठी: सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद केली गेली.

वहीत काय निघालं

आता घरात एक वही आहे. प्रत्येक वस्तूसमोर चार रकाने. माल, मिनिटं, विकण्याचे तास, हातात आलेले पैसे. चौरंगाचा हिशोब काढला तर तासाला पन्नासही सुटत नव्हते, कारण त्याला चार पाय, आठ सांधे, आणि जिग नाही. बाबांनी चौरंग फक्त ऑर्डरवर, वाढीव किमतीला करायचं ठरवलं. पोळपाट टिकला. स्टँडची किंमत ४५० झाली, आणि गंमत म्हणजे कुणी घासाघीस केली नाही.

रवीचा हिशोब मात्र बाबा लावू देत नाहीत. हाताने कोरतात, तास-सव्वा तास जातो, विकतात १२० ला. मी म्हणाले, “बाबा, ही तर शुद्ध तोट्यात आहे.” ते म्हणाले, “ती मी रात्री बातम्या बघत करतो. तिचा तास धरू नकोस, तो माझा आहे.” यावर माझ्याकडे फॉर्म्युला नाही! मी वहीत रवीचं पान वेगळं केलं, एवढंच. ज्याला छंद म्हणायचं त्याला छंद म्हणावं. छंदाची किंमत लावून दुसऱ्या वस्तूंचा भाव पाडू नये म्हणजे झालं.

आणि मूळ प्रश्न? साईट सोडता येईल का? तासाचा दर आता साईटपेक्षा वर गेला आहे. पण दर चांगला असून भागत नाही, तेवढे तास विकलेही गेले पाहिजेत. साईटवर महिन्याला पंचवीस दिवस, दोनशे तास विकले जातात, म्हणजे २५,००० रुपये. तितके तास फक्त स्टँडमधून विकायचे तर महिन्याला दोनशेच्या वर स्टँड खपायला हवेत. आमचे खपतात वीस-पंचवीस, पोळपाट वेगळे. म्हणजे आज तरी उत्तर ‘नाही’ असंच आहे.

दिवाळीच्या तोंडावर कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला तेव्हा बाबांनी वही पुढ्यात घेतली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “पंधरा दिवस येतो. महिनाभर जमणार नाही.” पंधरा दिवस साईट, दहा दिवस घर. गुडघ्यांना तेवढा आराम. पुढच्या सेमला मी पोळपाटाचा जिग करणार आहे. कुणाला यायचं असेल तर शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये भेटा, मात्र येताना आपापलं स्टॉपवॉच घेऊन या!